पणजोबांचा शोध : शेताचा कागद आणि पलटणीचा कागद

सुदुंबऱ्यात यायचे आणि जुन्या कागदांविषयी बोलायचे, हा योग चांगला जुळून आला आहे. हे गाव ज्यांच्या समाधीमुळे महाराष्ट्रभर ठाऊक आहे, ते संताजी महाराज जगनाडे लिहून ठेवणारे होते. घाणा चालवणारा माणूस, पण तुकोबांच्या तोंडून आलेले शब्द कागदावर उतरवण्याचे काम त्यांनी केले. आज तुकोबा आपल्यापर्यंत पोचले त्यात या लिहून ठेवण्याचा वाटा केवढा, हे तुम्हा सुदुंबरेकरांना आम्ही सांगायला नको. तेव्हा आजचा विषय गावाच्या स्वभावाला धरूनच आहे.

विषय असा आहे की एकोणिसाव्या शतकातला आपला एखादा पूर्वज, जो शेतीही करत होता आणि पलटणीतही होता, तो जुन्या दप्तरांत कसा शोधायचा. व्याख्यान संपल्यावर लोक आम्हाला गाठतात आणि विचारतात, ‘सर, आमचे पणजोबा फौजेत होते असं घरात सांगतात. त्याचा काही कागद मिळेल का?’ पूर्वी हा प्रश्न वर्षातून एकदोनदा यायचा. २०२३ पासून तो फार वाढला. त्या वर्षी सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि गावोगावची दप्तरे उघडली गेली. मोडी वाचणाऱ्याला कधी नव्हे इतका भाव आला. जो कागद काल रद्दी होता त्याच्यावर आज नातवाचा शाळाप्रवेश आणि नोकरी अवलंबून आहे. म्हणून हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही. कागद कसा वाचावा आणि त्यातून किती सिद्ध होते, हे नीट समजून घेण्याची गरज आहे.

आमचा मूळ विषय तत्त्वज्ञान. इतिहासाच्या अंगणात आम्ही जरा बाहेरचेच. पण आयुष्यभर ‘हे खरे कशावरून?’ हा एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी शिकवला, आणि पणजोबांच्या शोधात नेमका तोच प्रश्न पावलोपावली आडवा येतो.

एका माणसाचे दोन कागद कसे झाले

आपल्या मावळात शेतकरी आणि शिपाई ही दोन वेगळी माणसे नव्हती. पावसाळ्यात भात लावायचे, दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर जायचे, आणि पुन्हा पावसाच्या आधी नांगराला हात घालायचा, असे हे चक्र होते. मावळा म्हणजे कोण, तर वर्षाचा एक भाग शेतात आणि एक भाग घोड्यामागे घालवणारा माणूस. त्याच्या शिपाईगिरीची नोंद असलीच तर सरदाराच्या पथकात, आकड्यांत. इतके राऊत, इतके प्यादे. नावानिशी माणूस सहसा सापडत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि हे चक्र मोडले. सरदारांची पथके विसर्जित झाली. हजारो माणसे हत्यार ठेवून गावी परतली आणि नुसती शेतकरी झाली. काही थोडी माणसे कंपनीच्या मुंबई लष्करात भरती झाली. या लष्करात कोकणातली भरती मोठी होती, पण देशावरचे आणि मावळातले लोकही त्यात होते. आता ही नोकरी हंगामी राहिली नाही. बारमाही पलटण, कवायत, गणवेश, नंबर, महिन्याचा पगार. शिपायाला महिना ७ रुपये मिळत. १८९५ मध्ये त्याचे ९ झाले, म्हणजे बहुतेक शतकभर आपला पणजोबा त्याच सात रुपयांवर होता.

आणि इकडे शेतीचे काय झाले? तिथेही नवी शिस्त आली. आधी प्रिंगलसाहेबांची मोजणी झाली, ती फसली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून नव्या पद्धतीला सुरुवात केली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. जमिनीचे तुकडे मोजले, प्रत्येकाला सर्व्हे नंबर दिला, मातीची प्रत ठरवली, आकार तीस वर्षांसाठी बांधला, आणि त्या तुकड्यापुढे एका माणसाचे नाव लिहिले. तो खातेदार.

म्हणजे बघा, पूर्वी जो एकच माणूस होता त्याचे सरकारने दोन भाग केले. एक भाग महसूल खात्याच्या वहीत गेला. दुसरा लष्करी खात्याच्या वहीत गेला. या दोन वह्या एकमेकींशी कधीच बोलल्या नाहीत. एक मोडीत लिहिलेली, दुसरी इंग्रजीत. एक कुलकर्ण्याने लिहिलेली, दुसरी पलटणीतल्या कारकुनाने. आपले काम या दोघींची गाठ घालून देण्याचे आहे.

शेताचा कागद

शेताच्या कागदापासून सुरुवात करावी, कारण तो जवळ आहे. सातबारा सगळ्यांना माहीत असतो. पण हक्क नोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये आला. त्याच्या मागे जायचे तर शेतवार पत्रक, प्रतिबुक, पाहणी पत्रक, कडईपत्रक असे कागद बघावे लागतात. हे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेख कार्यालयात असतात. त्याहून जुने, पेशवाईतले आणि इनामांचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला आपण पेशवे दप्तर म्हणतो तिथे. रियासतकार सरदेसाईंनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड छापले, पण रुमालांत बांधलेले न छापलेले कागद त्याच्या कितीतरी पट आहेत. जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो त्यात.

एक पथ्य पाळावे. गाव आज ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात शंभर-दीडशे वर्षांपूर्वी होते, असे धरून चालू नये. तालुक्यांच्या हद्दी अनेकदा बदलल्या. आपले गाव मावळ, खेड आणि हवेली यांच्या शेजारात आहे. एका कचेरीत नाही मिळाले तर शेजारच्या कचेरीत विचारावे.

या कागदात माणूस कसा दिसतो? ‘अमुक बिन तमुक’ असा. बिन म्हणजे मुलगा. पुढे आडनाव असेल किंवा नसेल. कुठे नुसते ‘पाटील’ असते, कुठे वाडीचे नाव, कुठे काहीच नाही. माणूस बोलका होतो तो कर्जरोख्यात आणि खरेदीखतात. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे झाले, ते पसरले, त्याची चौकशी झाली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. त्या कायद्याने शेतकऱ्याचा दस्त नोंदवून घेण्याची सोय गावपातळीवर आली. अशा दस्तात व्यवहार का केला तेही लिहिलेले असते. बैल मेला, मुलीचे लग्न आहे, सरकारसारा भरायचा आहे.

आणि खाली सही. आपला माणूस निरक्षर. मग त्याच्या नावापुढे कारकून निशाणी काढी. शेतकऱ्याची निशाणी नांगर. वाण्याची तागडी. बाई असेल तर बांगडी. चार रेघांचा तो नांगर पाहिला की आमच्यासारख्या म्हाताऱ्यालाही काहीतरी होते. ज्या माणसाचा चेहरा आपल्याला कधीच दिसणार नाही, त्याची सरकारदरबारी एवढीच ओळख, एक छोटासा नांगर.

पलटणीचा कागद

आता दुसरी वही. इथे निराशेची तयारी ठेवावी. मुंबई लष्करातल्या गोऱ्या शिपायांच्या याद्या लंडनला ब्रिटिश लायब्ररीत वर्षवार लावून ठेवलेल्या आहेत. कोण कुठल्या जहाजाने आला, कधी मेला, सगळे मिळते. देशी शिपायाचे तसे नाही. छापील लष्करी याद्यांत साध्या शिपायाचे नाव येत नसे. तेव्हा ‘यादीत नाव नाही, म्हणजे आमचे आजोबा फौजेत नव्हतेच’ असे कुणी म्हणू लागले तर थांबवावे.

इथे आम्हाला मीमांसकांची आठवण येते. नसण्याचे ज्ञान कसे होते, याचा त्यांनी फार बारकाईने विचार केला. त्यांचे म्हणणे असे, की वस्तू असती तर दिसायलाच हवी होती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसणे हा तिच्या नसण्याचा पुरावा ठरतो. उजेडात टेबलावर घागर दिसली नाही तर घागर नाही. अंधारात दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. देशी शिपायाची बरीचशी दप्तरे अंधारातली आहेत.

मग धागा कुठला? पहिला धागा पदक. मोहिमेचे पदक चांदीचे असे आणि त्याच्या कडेवर शिपायाचे नाव आणि पलटण कोरलेली असे. १८६८ च्या ॲबिसिनियाच्या स्वारीच्या पदकावर तर नाव मागच्या बाजूला मधोमध आहे. ही स्वारी मुंबई लष्कराचे सरसेनापती नेपियर यांनी केली, आणि १३ एप्रिल १८६८ रोजी मगदला किल्ला पडला. आपल्या लोकांच्या तोंडी तो मुलूख म्हणजे हबसाण. पदकांच्या याद्या लंडनमध्ये जपलेल्या आहेत, त्यांत देशी पलटणींच्याही काही आहेत. दुसरा धागा पेन्शन. तिसरा, उशिराच्या काळात, मनिऑर्डर. १८८० पासून पोस्टाने मनिऑर्डर सुरू केली. तिची पावती कुणाच्या पेटीत असेल तर ती जपून ठेवावी.

पलटणीचा नंबर हाती लागला तरी घाई करू नये, कारण नंबर बदलत गेले. १७६८ मध्ये उभी राहिलेली एक पलटण, ज्यांना आपण जंगी पलटण म्हणतो, ती एकोणिसाव्या शतकात मुंबईची तिसरी देशी पायदळ पलटण होती. १९०३ मध्ये ती एकशे तिसरी मराठा झाली. १९२२ मध्ये पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली. पलटण एकच, पाट्या तीन. घरातला माणूस ‘तिसऱ्या पलटणीत’ होता असे सांगत असतील तर कुठल्या सालची तिसरी, हा पहिला प्रश्न.

आणि नावे इंग्रजीत, ऐकू येईल तशी लिहिलेली. त्यातून माणूस ओळखायचा कसा? याचे एक मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कोरेगाव भीमाला १ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली. १८२१ मध्ये तिथे स्तंभाची पायाभरणी झाली. त्या स्तंभावर कंपनीच्या मृत शिपायांची नावे आहेत. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. जात लिहिलेली नाही. पण ‘नाक’ हा महार समाजातल्या नावांचा शेवट, म्हणून ते बावीस शिपाई ओळखता आले. एका प्रत्ययाने बावीस माणसे विस्मृतीतून बाहेर काढली. पुढे याच समाजाची लष्करभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज केले. पूर्वजांनी केलेली सेवा हा त्यांचा मोठा आधार होता. तेव्हा पणजोबांचा कागद शोधणे हा हक्काचा प्रश्न होतो, हे काही २०२३ मध्ये प्रथम घडलेले नाही.

तोच हा देवदत्त

आता मुख्य अडचण. समजा, शेताच्या कागदात एक नाव मिळाले आणि पलटणीच्या कागदात तेच नाव मिळाले. हे दोघे एकच, हे कशावरून?

आपल्या दर्शनांत यासाठी एक ठरलेले उदाहरण आहे, ‘सोऽयं देवदत्तः’. तोच हा देवदत्त. त्याला पूर्वी काशीत पाहिले होते, आज इथे पाहतो आहे. तेव्हा तो तरुण होता, आज केस पिकले आहेत. जागा वेगळी, काळ वेगळा, रूप वेगळे. तरी आपण म्हणतो, हा तोच. वेदान्ती सांगतात की इथे आपण ‘तेव्हाचा-तिथला’ आणि ‘आत्ताचा-इथला’ ही विशेषणे बाजूला ठेवतो, आणि मग जो उरतो तो एकच असतो.

समोर माणूस उभा असेल तेव्हा हे ठीक आहे. कागदावर विशेषणे बाजूला ठेवली तर उरते काय? नुसते नाव. आणि मावळात म्हादू, राणू, विठू, तुकाराम ही नावे घरोघर! एका गावात एका वेळी चार तुकाराम. त्यांतल्या दोघांच्या बापाचे नाव विठू. तेव्हा कागदात देवदत्त ओळखायचा तर वेदान्त्यांच्या उलट वागावे लागते. विशेषणे टाकायची नाहीत, गोळा करायची. बापाचे नाव, गाव, सर्व्हे नंबर, भावाचे नाव, साल. निदान तीन खुणा दोन्हीकडे जुळल्या तर ‘हा तोच’ म्हणावे. एकच जुळली तर ‘असू शकेल’ म्हणावे आणि शोध चालू ठेवावा. नुसत्या नावावरून शेजाऱ्याचा पणजोबा आपल्या घरात आणून बसवू नये.

उलटही घडते. नाव जुळत नाही, पण माणूस तोच असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घराणे घ्या. आजोबा मालोजी सकपाळ लष्करात होते. वडील रामजी सकपाळ सुभेदार झाले. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत मुलाचे नाव दाखल झाले, त्यात आडनाव आहे आंबेडकर. लष्करी कागद सकपाळ शोधेल, शाळेचा दाखला आंबेडकर सांगेल. हे घराणे प्रसिद्ध, म्हणून आपल्याला जोड माहीत आहे. तुमच्याआमच्या घरात अशी जोड कुणी लिहून ठेवलेली नसते. वाडा बदलला, गाव सोडले, मास्तरांनी एखादे आडनाव लावले, आणि धागा तुटला.

कुणबी की मराठा

याच ठिकाणी आजचा नाजूक प्रश्न येतो. एकाच माणसापुढे शेताच्या किंवा शाळेच्या कागदात ‘कुणबी’ आणि पलटणीच्या कागदात ‘मराठा’ असे सापडते. लोक विचारतात, यातले खरे कुठले?

आम्ही म्हणतो, आधी वही कुणाची ते बघा. महसुलाच्या वहीला जमीन कसणारा माणूस हवा होता. कसणाऱ्याला जुना शब्द कुणबी. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने कुणबी या शीर्षकाखालीच दोघांचा विचार केला आणि दोहोंमध्ये रेघ ओढणे अवघड असल्याचे नोंदवले. लष्कराला मात्र शतकाच्या शेवटी ‘लढवय्या’ जाती ठरवून त्यांच्या तुकड्या करायच्या होत्या. त्या वहीत रकाना होता मराठ्याचा. म्हणजे दोन्ही कारकून आपापल्या रकान्यात माणूस बसवत होते. आणि माणूस? तो ज्या कचेरीत उभा राही तिथल्या प्रश्नाला उत्तर देई. पलीकडे देहूचे तुकोबा वाण्याचा व्यापार करणाऱ्या घरातले, महाजनकी असलेले, आणि अभंगात स्वतःला कुणबी म्हणवतात. या शब्दात धंदा होता, नम्रता होती, जातही होती. वेळेनुसार त्यातले एकेक वर येई.

कुणाला दाखला मिळावा, कुणाला नाही, हा निर्णय कायद्याचा आणि शासनाचा. त्यावर इथे बोलणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की नोंद म्हणजे कुणीतरी, काही कामासाठी, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. प्रश्न माहीत नसेल तर उत्तराचा अर्थ लागत नाही. आणि ज्यांना आज दाखल्यासाठी कुणबी पणजोबा हवा आहे आणि मिरवणुकीसाठी लढवय्या पणजोबा हवा आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की तो एकच माणूस होता. त्याला नांगराची लाज नव्हती. दस्ताखाली त्याने तलवार काढली नाही, नांगरच काढला.

दिवसा न जेवणारा देवदत्त

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे सांगितले तिच्याकडे येऊ.

आमच्या घराण्यातही एक पलटणवाले आजोबा होते. आमच्या आजोबांचे आजोबा. आजी सांगायची, ते आधी एडनला होते, मग हबसाणच्या लढाईत गेले, आणि त्यांचे पदक दुष्काळात मोडून खाल्ले. पदक गेल्यामुळे पलटणीची बाजू आजीच्या शब्दावर उभी. नैयायिक याला शब्दप्रमाण म्हणतात, विश्वासू माणसाचे सांगणे. आजी विश्वासू खरी, पण तिनेही ते ऐकलेलेच. तरी तिच्या सांगण्यात वजन होते, कारण एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या ताब्यात होते, तिथे मुंबईच्या पलटणी पाळीपाळीने जात, आणि हबसाणची फौजही मुंबईकडूनच निघाली. हे भूगोलाचे धडे आजीने कुठल्या पुस्तकात वाचलेले नव्हते.

मग शेताचा कागद मिळाला. त्यात त्याच वर्षांत, त्याच आजोबांच्या नावे खाते. आकार दर साल भरलेला. एकही साल पड नाही.

आता बघा पेच. माणूस समुद्रापलीकडे. शेत मावळात. आणि शेत दर वर्षी पिकते आहे. पहिला विचार असा येतो की दोहोंतला एक कागद, किंवा एक आठवण, खोटी असली पाहिजे. पण मीमांसकांचे आणखी एक उदाहरण आहे, तेही देवदत्ताचेच. देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. मग? मग तो रात्री जेवत असला पाहिजे. न पाहिलेली तिसरी गोष्ट मान्य केल्याशिवाय दोन पाहिलेल्या गोष्टी एकत्र नांदत नाहीत. याला अर्थापत्ती म्हणतात.

तोच न्याय इथे लावा. खातेदार एडनला आहे आणि शेत पिकते आहे. म्हणजे दुसरे कुणीतरी शेत करते आहे. खाते म्हणजे काय? सारा भरण्याची जबाबदारी कुणाची, एवढेच त्यात लिहिलेले असते. घाम कुणाचा, हा रकाना त्या वहीत नाही. मावळातले भात कसे होते ते तुम्हाला माहीत आहे. राब भाजायचा, रोप टाकायचे, आषाढात गुडघाभर चिखलात वाकून आवणी करायची. नांगराला भाऊ किंवा दीर धावून येत असेल. पण आवणी, बेणणी, कापणी, जनावरे, आणि हप्त्याच्या वेळी पाटलाच्या चावडीवर सारा पोचवणे? ती त्या आजोबांची बायको. शेताच्या वहीत ती नाही, पलटणीच्या वहीतही नाही. पण त्या दोन वह्या शेजारी ठेवल्या की मधल्या फटीत ती उभी दिसते. तिच्यामुळे दोन्ही कागद खरे ठरतात.

हे लक्षात आल्यावर आमच्या शोधाची दिशा बदलली. आम्ही तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे वळलो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या उपाध्यांकडे पिढ्यानुपिढ्यांच्या वह्या आहेत. कुठल्या गावचा कोण, कधी आला, कुणाचे श्राद्ध केले. श्राद्धाच्या वेळी आई, आजी, पणजी यांची नावे घ्यावी लागतात. सरकारने ज्यांची नावे कधी विचारली नाहीत त्यांची उपाध्यायाने विचारली, कारण त्याचा प्रश्न वेगळा होता. त्या बाईंचे नाव आम्हाला अशा वहीत मिळाले. मुलाने आईच्या श्राद्धाला सांगितलेले. त्यापुढे त्याने बापाचे नाव सांगितले होते, गाव सांगितले होते, आणि ती दोन्ही खात्याशी जुळली. तिसरी खूण हवी होती, ती आईच्या नावाने दिली, कारण आजीच्या तोंडी तेच नाव होते.

घरात आम्ही आता ‘हबसाणवाले आजोबा’ एवढेच म्हणत नाही. त्यांच्याबरोबर तिचे नाव घेतो.

तुम्ही काय करावे

शेवटी थोडे कामाचे बोलतो. शोध कचेरीपासून सुरू करू नये, घरापासून करावा. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ, शक्यतो बाईजवळ, वही घेऊन बसावे. बायकांना माहेर-सासर दोन्हीकडची नाती पाठ असतात. तिने सांगितलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत, आपल्या डोक्याने सुधारू नयेत. ती ‘हबसाण’ म्हणाली तर हबसाणच लिहा. तो शब्द हाच धागा असतो.

मग पेटी बघावी. पदक, पेन्शनचा कागद, मनिऑर्डरची पावती, खरेदीखत. कागदाला चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये कोंडू नये, आधी फोटो काढावा. नंतर कचेरी. मोडी स्वतः शिकता आली तर उत्तम. काही महिन्यांत अक्षर लागते, आमच्यासारख्या साठीनंतर शिकलेल्याला लागले तर तुम्हाला का नाही? दुसऱ्याकडून वाचून घेतले तर दोघांकडून घ्यावे. आज एका अक्षराच्या वाचनावर खूप काही ठरते आहे, आणि जिथे गरज मोठी तिथे हवे ते वाचण्याचा मोहही मोठा असतो.

आणि सापडलेली प्रत्येक गोष्ट कुठल्या वहीत, कुठल्या पानावर, कुणी दाखवली, ते लिहून ठेवावे. जे सिद्ध झाले ते एका पानावर, जे ‘असू शकेल’ ते दुसऱ्या पानावर. ही दोन पाने एकत्र करू नयेत. पणजोबा सुभेदार होते असे वाटते, पण कागद शिपाई म्हणतो, तर शिपाईच लिहावे. सात रुपयांत समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाला आपण बढती देण्याची गरज नाही.

आज रात्री घरी गेल्यावर एक करा. पणजोबांचे नाव बहुतेकांना सांगता येईल. पणजीचे नाव आठवते का ते बघा. आठवले तर आत्ताच लिहून ठेवा, आणि नाही आठवले तर उद्या सकाळी कुणाला विचारता येईल त्याची यादी करा. ती माणसे ऐंशीच्या पुढची असणार. उद्याच जा.